पायथनमध्ये झिप आणि टार अर्काइव्हमधल्या फाइल हाताळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं पायथन ३ आणि त्याच्यासोबतच येणाऱ्या झिपफाइल, टारफाइल आणि जीझिप या मॉड्यूलांबद्दल आहेत. वेगळं पॅकेज लागतं तिथे तसं सांगितलं आहे. फंक्शन, पॅरामीटर आणि एररची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

झिपमधली एकच फाइल वाचायची आहे. त्यासाठी आख्खं अर्काइव्ह डिस्कवर सोडवावं लागतं का?

नाही, आणि तसं करूही नका. झिपची रचनाच एकेक फाइल स्वतंत्रपणे उचलता यावी अशी आहे. आत प्रत्येक फाइल वेगळी दाबून ठेवलेली असते आणि सगळ्यांची यादी अर्काइव्हच्या अगदी शेवटी असते. तिला मध्यवर्ती डिरेक्टरी म्हणतात. नाव, मूळ आकार, दाबलेला आकार, सीआरसी-३२ बेरीज (मजकूर बिघडला नाही ना, ते पडताळायचा आकडा) आणि ती फाइल कितव्या बाइटपासून सुरू होते, एवढं सगळं त्या यादीत मिळतं.

ही यादी सापडते कशी, ते एकदा जवळून पाहिलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. कुठलीही साधी, शेरा (कॉमेंट) नसलेली झिप हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात, उघडा आणि शेवटचे २२ बाइट बघा. पहिल्या दोन बाइटांत ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरं दिसतील. १९८९ साली हे स्वरूप आणणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. त्यांच्यामागे ५ आणि ६ हे दोन बाइट, मग डिस्क क्रमांकांचे ४, फाइलींच्या संख्येचे २ अधिक २, यादीच्या आकाराचे ४, यादी सुरू होते त्या जागेचे ४ आणि शेवटी शेऱ्याच्या लांबीचे २. पायथन फाइलच्या शेवटी जाऊन आधी हे २२ बाइट शोधतो, मग यादी वाचतो आणि मग थेट हव्या त्या फाइलवर उडी मारतो. ५०,००० फाइलींच्या झिपमधली एक काढायची असेल तर बाकीच्या ४९,९९९ ना हात लागत नाही.

कोडमध्ये दोन पायऱ्या पुरतात: विथ वापरून झिपफाइल क्लासने अर्काइव्ह उघडा आणि आत दुसऱ्या विथमध्ये त्याच्या ओपन मेथडला फाइलचं नाव द्या. नाव नेमलिस्टमध्ये (अर्काइव्हमधली सगळी नावं देणारी मेथड) जसं दिसतं तसंच द्यायचं: फोल्डरांच्या मध्ये पुढे झुकलेली तिरकी रेघ (स्लॅश), लहान-मोठी अक्षरं तंतोतंत, सुरुवातीला टिंब-रेघ नाही. एक अक्षर चुकलं तरी कीएरर येतो. तो आला की अंदाज बांधत बसू नका. नेमलिस्टमधलं प्रत्येक नाव रेप्र फंक्शनमधून छापून बघा. शेवटची मोकळी जागा किंवा उलटी रेघ तिथे लगेच दिसते.

रीड वापरायचं की ओपन?

रीड आख्खी फाइल सोडवून मेमरीत आणतं. काही मेगाबाइटपर्यंत ते सोयीचं. त्यापुढे ओपन वापरा. ते फाइलसारखं ऑब्जेक्ट देतं आणि तुम्ही मागाल तेवढंच सोडवतं, त्यामुळे दहा गिगाबाइटचा लॉगही ओळीओळीने वाचता येतो.

सीआरसी मात्र फाइल शेवटपर्यंत वाचली तरच तपासली जाते. पहिल्या शंभर ओळी वाचून थांबलात तर पुढची खराबी तुम्हाला कळणारच नाही. सगळं अर्काइव्ह तपासायचं असेल तर टेस्टझिप मेथड आहे: पहिल्या खराब फाइलचं नाव देते, सगळं ठीक असेल तर नन.

ओळी वाचल्या तर प्रत्येकीच्या आधी ‘बी’ आणि अवतरणचिन्ह दिसतं, आणि मराठी मजकुराच्या जागी आकडे. का?

कारण ओपनमधून बाइट मिळतात, मजकूर मिळत नाही. नेहमीच्या ओपनला देतो तसं एन्कोडिंग इथे देता येत नाही. मिळालेलं ऑब्जेक्ट आयओ मॉड्यूलच्या टेक्स्टआयओरॅपरमध्ये गुंडाळा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर चालू प्रणालीचं डीफॉल्ट घेतलं जातं आणि तीच स्क्रिप्ट एका मशीनवर चालते, दुसऱ्यावर कोसळते.

सीएसव्ही वाचत असाल तर रॅपरला न्यूलाइन म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या. नाहीतर रकान्याच्या आतल्या नव्या ओळींचा गोंधळ होतो. आणि पहिल्या स्तंभाच्या नावाला सुरुवातीला अदृश्य अक्षर चिकटलेलं असेल तर यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग वापरा. स्प्रेडशीटमधून निर्यात केलेल्या फाइलींत हे नेहमीचं आहे.

पायथन ३.९ पासून झिपफाइलचा पाथ क्लास मजकूर मोडमध्येही उघडतो आणि एन्कोडिंग घेतो. चार-दोन फाइलींसाठी तोच सुटसुटीत.

झिप दिसते तर आहे, पण ‘ही झिप फाइल नाही’ असा बॅडझिपफाइल एरर येतो.

शेवटचे ते २२ बाइट सापडले नाहीत, एवढाच याचा अर्थ. कारणं साधारण याच क्रमाने तपासा.

डाउनलोड अर्धवट राहिलं. झिपची सुरुवात शाबूत असते, शेवट गायब असतो आणि यादी तर शेवटीच असते. सर्व्हरने सांगितलेला आकार आणि डिस्कवरचा आकार ताडून बघा.

झिपच्या नावाने वेबपान सेव्ह झालं. लॉगिन संपलं की कित्येक सर्व्हर फाइलऐवजी लॉगिनचं पान पाठवतात आणि स्क्रिप्ट ते मुकाट्याने झिपच्या नावाने ठेवते. पहिले ४ बाइट छापा. ‘पी’, ‘के’, ३, ४ असतील तर झिप. ‘पेक्षा लहान’ या चिन्हाने सुरुवात असेल तर एचटीएमएल. हेक्समध्ये १एफ ८बी असेल तर ती जीझिप आहे आणि कुणीतरी शेपूट चुकीचं लावलंय.

अर्काइव्ह नीट बंद झालं नाही. यादी क्लोजच्या वेळी लिहिली जाते. विथ न वापरता लिहायला उघडलं आणि मध्येच स्क्रिप्ट मेली, तर डेटा आत असूनही झिप निकामी ठरते.

इज-झिपफाइल या फंक्शनवर एकट्यावर विसंबू नका. ते मुख्यतः शेवटची खूण शोधतं. स्वतःहून सुटणारे इन्स्टॉलर, वर्डचे डॉकएक्स आणि जावाचे जार या सगळ्यांना ते होकार देतं, आणि अर्काइव्हच्या मधला भाग सडलेला असला तरी देतं.

मेमरीत झिप बनवून पाठवतो, पण समोरच्याला ती उघडतच नाही.

बाइट्सआयओ या मेमरीतल्या बफरमधले बाइट देणारं गेटव्हॅल्यू कुठे बोलावलंय ते बघा. बहुतेक वेळा ते विथच्या आत असतं, म्हणजे यादी लिहिली जाण्याआधी. झिपफाइलचं विथ संपू द्या आणि त्यानंतर, एक पायरी बाहेर, बाइट्सआयओमधून बाइट घ्या. बफर दुसऱ्या फंक्शनला फाइल म्हणून देणार असाल तर आधी सीक वापरून शून्यावर न्या. लिहिल्यानंतर कर्सर शेवटी असतो आणि वाचणाऱ्याला शून्य बाइट मिळतात.

टेम्पफाइलमधली स्पूल्डटेम्पररीफाइल वापरत असाल तर ३.११ च्या आधीच्या आवृत्त्यांत तिला सीकेबल ही मेथडच नव्हती, त्यामुळे झिपफाइल अ‍ॅट्रिब्यूटएरर देऊन थांबत असे. आवृत्ती वाढवणं हाच सरळ उपाय.

झिपमधली एखादी फाइल बदलायची किंवा काढून टाकायची कशी?

झिपफाइल मॉड्यूलमध्ये ३.१४ पर्यंत तरी काढून टाकण्याची मेथड नाही. ‘ए’ मोडमध्ये उघडून त्याच नावाने पुन्हा लिहिलंत तर जुनी फाइल जागीच राहते, नवी तिच्यामागे जोडली जाते आणि ‘डुप्लिकेट नेम’ अशी सूचना येते. वाचताना पायथन शेवटची नोंद उचलतो म्हणून सगळं ठीक वाटतं. पण अर्काइव्ह दर खेपेस फुगत जातं आणि दुसरं एखादं साधन पहिली नोंद उचलू शकतं. गोपनीय मजकूर ‘बदलला’ असं समजून फाइल पुढे पाठवणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात ठेवावं: जुना मजकूर आत जसाच्या तसा आहे.

खात्रीचा मार्ग पुनर्लेखनाचा. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी झिप उघडा. जुन्या झिपच्या इन्फोलिस्टवर (सगळ्या नोंदींची यादी) लूप लावा. नको असलेली फाइल वगळा, बदलायचीचा नवा मजकूर घ्या, बाकीच्यांचे बाइट जुन्यातून वाचा. मेमरीतला मजकूर झिपमध्ये लिहिणाऱ्या राइटस्टर मेथडला नावाऐवजी त्या नोंदीचं जुनं झिपइन्फो ऑब्जेक्टच द्या, म्हणजे तारीख, परवानग्या आणि दाबण्याची पद्धत टिकते. नुसतं नाव दिलंत तर आताची वेळ आणि ६०० ही (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) परवानगी लागते, आणि सर्व्हरवर सोडवल्यावर दुसऱ्या वापरकर्त्याला फाइल वाचता येत नाही. दोन्ही अर्काइव्ह बंद झाल्यावर नव्यावर टेस्टझिप चालवा आणि मग ओएस मॉड्यूलच्या रिप्लेसने जुन्याच्या जागी बसवा. तात्पुरती फाइल त्याच डिस्कवर हवी. वेगळ्या डिस्कवर असेल तर रिप्लेस एरर देतं.

फाइलींची मराठी नावं कचऱ्यासारखी दिसतात. मूळ नावं परत मिळतात का?

बहुतेक वेळा मिळतात. झिपमधल्या प्रत्येक नोंदीत झेंड्यांचे (फ्लॅग) १६ बिट असतात. त्यातला क्रमांक ११ चा बिट लावलेला असेल तर नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं समजायचं. नसेल तर पायथन ते सीपी४३७ या जुन्या डॉस एन्कोडिंगमध्ये आहे असं मानतो. काही साधनं नाव यूटीएफ-८ मध्ये लिहितात पण बिट लावायला विसरतात. मग ‘अहवाल’च्या जागी ग्रीक अक्षरं आणि चौकटीच्या रेषा येतात.

३.११ पासून झिपफाइलला मेटाडेटा-एन्कोडिंग हे पॅरामीटर आहे (दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर). ते यूटीएफ-८ द्या, काम झालं. हे फक्त वाचण्याच्या मोडमध्ये चालतं. जुन्या आवृत्तीत आधी नोंदीच्या फ्लॅगबिट्सशी हेक्स ८०० चा अँड करून बिट तपासा. बिट नसेल तरच नावावर सीपी४३७ ने एन्कोड आणि लगेच यूटीएफ-८ ने डिकोड करा. ही उलटी फेरी बिनचूक असते, कारण सीपी४३७ मध्ये प्रत्येक बाइटला अक्षर आहे. काहीच हरवत नाही. नावांत सरसकट प्रश्नचिन्हं असतील तर मात्र झिप बनवतानाच मूळ बाइट गेलेले आहेत. ते परत येत नाहीत.

मराठीत याहून बेरकी एक अडचण आहे. नाव डोळ्यांना अगदी बरोबर दिसतं, तरीही कीएरर येतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध ०९३१ हे एक अक्षर, किंवा ०९३० म्हणजे ‘र’ आणि त्याखाली ०९३सी हा नुक्ता. दिसायला फरक नाही, बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं सुट्या रूपात साठवत असे, त्यामुळे तिथून आलेल्या अर्काइव्हमध्ये हे हमखास सापडतं. युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइज फंक्शनने दोन्ही बाजू एनएफसी, म्हणजे एकसंध रूपात, करा आणि मग ताडून बघा: नेमलिस्टवरून एक डिक्शनरी बनवा, की म्हणून नॉर्मलाइज केलेलं नाव, किंमत म्हणून अर्काइव्हमधलं मूळ नाव. शोध कीवर घ्या, ओपनला किंमत द्या.

लांबीचंही भान ठेवा. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, काना-मात्रा वेगळे मोजून. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थांत नावाची मर्यादा २५५ बाइटांची, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. अर्काइव्हमध्ये लांबलचक मराठी शीर्षक मावतं, पण सोडवताना ‘नाव फार लांब’ असा ओएसएरर येतो.

झिप बनवली, पण आकार मुळीच कमी झाला नाही.

झिपफाइलचं डीफॉल्ट झिप-स्टोअर्ड आहे, म्हणजे न दाबता ठेवणं. कॉम्प्रेशन म्हणून झिप-डिफ्लेटेड द्या. ३.७ पासून कॉम्प्रेसलेव्हलही देता येतो, ० ते ९. बीझिप२ आणि एलझेडएमए हेही पर्याय आहेत, ३.१४ मध्ये झेडस्टँडर्डही आलं, पण झिप दुसऱ्या कुणाला पाठवायची असेल तर डिफ्लेटच ठेवा. ते सगळीकडे उघडतं.

जेपेग, एमपी४ किंवा आधीच दाबलेल्या फाइलींचा आकार कशानेही फारसा घटत नाही. त्यांना त्या-त्या फाइलपुरतं स्टोअर्ड ठेवलं तर वेळ वाचतो.

टार जीझेडमधून एक छोटी फाइल काढायला इतका वेळ का लागतो?

कारण टारला यादीच नसते. टारचा मूळ उपयोग चुंबकी फितीवर साठवण्याचा; १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो आला. फितीवर पुढे-मागे उड्या मारणं महाग, म्हणून रचना सरळ रांगेची: ५१२ बाइटांचं हेडर, मग मजकूर, तोही ५१२ च्या पटीत भरून, मग पुढचं हेडर. हवी ती फाइल शोधायची तर एकेक हेडर ओलांडत जायचं. त्यावर जीझिप चढवलं की ओलांडणंही खरं ओलांडणं राहत नाही. मधला प्रत्येक बाइट सोडवावाच लागतो.

खरी नासाडी पुढच्या चुकीत होते. लोक गेटनेम्स बोलावतात, नावं निवडतात आणि मग एकेक नाव एक्स्ट्रॅक्टफाइलला देतात. गेटनेम्ससाठी आख्खं अर्काइव्ह एकदा सोडवलं जातं. त्यानंतर मागे जाण्यासाठी पुन्हा सुरुवातीपासून. नावं उलटसुलट क्रमाने मागितली तर प्रत्येक मागे-उडीला आणखी एक पूर्ण फेरी. २ गिगाबाइटच्या अर्काइव्हमधून शंभर फाइली अशा काढल्या तर संगणक तासन्‌तास तेच तेच सोडवत बसतो.

त्याऐवजी टारफाइल ऑब्जेक्टवरच थेट लूप लावा. प्रत्येक सदस्य समोर येताच नाव तपासा, हवा असेल तर तिथल्या तिथे वाचा, शेवटचा मिळाला की ब्रेक. एका फेरीत सगळं. एक्स्ट्रॅक्टफाइल फोल्डरसाठी नन देतं, म्हणून आधी इजफाइलने खात्री करा.

नेटवर्कवरून येणारं टार डिस्कवर न ठेवता वाचायचं असेल तर मोडमध्ये अपूर्णविरामाऐवजी उभी रेघ द्या: आर, उभी रेघ, जीझेड. या मोडमध्ये मागे जाताच येत नाही. प्रयत्न केलात तर स्ट्रीमएरर. झिपला अशी सोय नाही. ती शेवटून वाचायची असल्यामुळे आधी पूर्ण उतरवून घ्यावी लागते.

टारफाइल पाहिलेला प्रत्येक सदस्य लक्षात ठेवतं. लाखो फाइलींच्या अर्काइव्हमध्ये मेमरी त्यानेच भरते. ३.१३ पासून स्ट्रीम हे पॅरामीटर ट्रू दिलं की हा साठा होत नाही.

टारमध्ये नाव दिसतं, पण गेटमेंबर ते सापडत नाही म्हणतो.

अर्काइव्ह चालू फोल्डरमधून ‘टिंब’ देऊन बनवलं असेल तर प्रत्येक नावाआधी टिंब आणि रेघ असते. नाव तसंच द्या, किंवा ताडताना सुरुवातीचे ते दोन वर्ण काढा. त्यासाठी रिमूव्हप्रिफिक्स वापरा. एलस्ट्रिप वापरलंत तर टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींचं टिंबही उडतं.

मेमरीतला मजकूर टारमध्ये घातला, पण फाइल शून्य बाइटांची निघाली.

टारइन्फोचा साइझ भरायचा राहिला. अ‍ॅडफाइल तुमच्या ऑब्जेक्टमधून बरोबर साइझ एवढेच बाइट उचलतं आणि डीफॉल्ट साइझ शून्य असतो. आधी मजकूर एन्कोड करा, मग बाइटांची लांबी द्या. स्ट्रिंगची लांबी देणं ही मराठी मजकुरात नेहमी घडणारी चूक आहे: १०० चिन्हांचे ३०० बाइट होतात आणि मजकूर एक-तृतीयांशावर तुटतो. एमटाइमही भरा, नाहीतर फाइलची तारीख १ जानेवारी १९७० दिसते.

दाबलेल्या टारमध्ये नंतर भर घालता येत नाही. ‘ए’ मोड फक्त न दाबलेल्या टारसाठी आहे.

बाहेरून आलेलं अर्काइव्ह एक्स्ट्रॅक्टऑलने सोडवणं सुरक्षित आहे का?

झिप आणि टारचं उत्तर वेगवेगळं आहे.

झिपफाइलचं एक्स्ट्रॅक्ट नावातली सुरुवातीची रेघ, ड्राइव्हचं अक्षर आणि ‘दोन टिंबं’ काढून टाकतं, त्यामुळे फाइल ठरलेल्या फोल्डरबाहेर जात नाही. धोका उभा राहतो तो तुम्ही स्वतः नाव जोडून पाथ बनवता आणि ओपनने लिहिता तेव्हा. आत ‘दोन टिंबं, रेघ, दोन टिंबं, रेघ’ असं नाव असेल तर तुमची स्क्रिप्ट भलत्याच फोल्डरातली फाइल खोडून लिहील. २०१८ पासून हा दोष झिप स्लिप या नावाने ओळखला जातो. पाथलिबमध्ये आधी रिझॉल्व्ह आणि मग इज-रिलेटिव्ह-टू वापरून तपासा. स्टार्ट्सविथने स्ट्रिंग ताडू नका. ‘डेटा’ या फोल्डरची तपासणी ‘डेटा२’लाही पास करते.

टारफाइल मात्र कितीतरी वर्षं आतल्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवत होतं. हा दोष २००७ मध्येच सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२००७-४५५९ म्हणून नोंदला गेला होता. ३.१२ मध्ये एक्स्ट्रॅक्टऑलला फिल्टर पॅरामीटर आलं, ३.११.४, ३.१०.१२, ३.९.१७ आणि ३.८.१७ मध्येही ते मागाहून दिलं गेलं. फिल्टर म्हणून ‘डेटा’ द्या. फोल्डरबाहेर जाणारी नावं, बाहेर बोट दाखवणाऱ्या लिंक आणि डिव्हाइस फाइली तो नाकारतो. ३.१४ पासून हेच डीफॉल्ट आहे, तरी कोडमध्ये स्पष्ट लिहा. उद्या तीच स्क्रिप्ट जुन्या मशीनवर चालली तर संरक्षण गळून पडायला नको. या फिल्टरलाच चकवणारे दोष जून २०२५ मध्ये ३.१३.४ आणि ३.१२.११ या आवृत्त्यांत दुरुस्त झाले, तेव्हा निदान तिथपर्यंत अपडेट करा.

दोन्ही मॉड्यूल आधीच असलेल्या फाइलवर न विचारता लिहितात. म्हणून नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये सोडवा आणि तपासून मग हलवा.

लहानशी झिप सोडवताना डिस्क भरली तर?

ती झिप बॉम्ब असू शकते. ४२ डॉट झिप या नावाने प्रसिद्ध असलेली फाइल ४२ किलोबाइटची आहे आणि थरावर थर उलगडत गेलं की ४.५ पेटाबाइट होते. २०१९ मध्ये डेव्हिड फायफील्ड यांनी थर न लावताही, एकमेकांवर चढलेल्या नोंदी वापरून, १० मेगाबाइटच्या झिपमधून २८१ टेराबाइट काढून दाखवले. अशा चढलेल्या नोंदी पायथन ३.१२.२ आणि ३.११.८ पासून ओळखतो आणि बॅडझिपफाइल देतो.

डिफ्लेटचं गुणोत्तर १,०३२ ला १ याच्या आसपास थांबतं. साधा मजकूर सहसा ३ ते १० पट दबतो. तेव्हा मर्यादा ठरवणं अवघड नाही: फाइलींची संख्या, एका फाइलचा आकार, सगळ्यांची बेरीज. इन्फोलिस्टमधल्या फाइलसाइझची बेरीज ही पहिली चाळणी. पण ते आकडे अर्काइव्ह बनवणाऱ्याने लिहिलेले असतात, म्हणून प्रत्यक्ष वाचताना ६४ किलोबाइटचे तुकडे घ्या, बाइट मोजत जा आणि मर्यादा ओलांडली की थांबून अर्धवट फाइल पुसा.

पासवर्ड असलेली झिप उघडते का?

जुनी झिपक्रिप्टो पद्धत असेल तर उघडते. पासवर्ड बाइट म्हणून द्यावा लागतो. उलगडणं खुद्द पायथनमध्ये होत असल्याने वेग फार कमी. चुकीचा पासवर्ड पकडायला फक्त एका बाइटची तपासणी असते, त्यामुळे २५६ पैकी साधारण एक चुकीचा पासवर्ड तिथून निसटतो आणि पुढे सीआरसी किंवा झेडलिबच्या (डिफ्लेट सोडवणारी लायब्ररी) एररवर आपटतो. पासवर्ड तपासताना चुकीच्या पासवर्डचा, सीआरसीचा आणि झेडलिबचा असे तिन्ही एरर पकडा.

एईएस (नवी, जास्त भक्कम कूटपद्धत) लावलेली झिप झिपफाइलला उघडत नाही, आणि कुठल्याच पद्धतीने पासवर्ड लावून झिप बनवता येत नाही. दोन्हींसाठी पायझिपर हे वेगळं पॅकेज घ्या.

‘ही दाबण्याची पद्धत चालत नाही’ असा नॉटइम्प्लिमेंटेडएरर येतो.

नोंदीचा कॉम्प्रेसटाइप बघा. ९ असेल तर डिफ्लेट६४. विंडोज एक्सप्लोरर २ गिगाबाइटहून मोठ्या फाइलींना तो वापरतो. पायथनला तो येत नाही; सेव्हनझिपसारख्या साधनाने सोडवून घ्या.

सोडवल्यावर स्क्रिप्ट चालवण्याची परवानगी जाते, तारखाही बदलतात.

झिपफाइल परवानग्या आणि तारखा परत लावत नाही. युनिक्सवर बनलेल्या झिपमध्ये परवानग्या एक्स्टर्नलअ‍ॅट्रच्या वरच्या १६ बिटांत असतात. १६ घरं उजवीकडे सरकवा, शून्य नसेल तर ऑक्टल ७७७ ने गाळा आणि सीएचमॉडला द्या. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) तर साध्या फाइली होऊन येतात, आत फक्त लक्ष्याचा पाथ. परवानग्या आणि लिंक महत्त्वाच्या असतील तर टारच वापरा.

झिपमधली वेळ डॉसच्या पद्धतीची आहे: २ सेकंदांच्या टप्प्यांनी, टाइमझोनशिवाय, १९८० ते २१०७ एवढीच. फाइलची तारीख १९७० असेल तर झिप बनवतानाच व्हॅल्यूएरर येतो. ३.८ पासून स्ट्रिक्ट-टाइमस्टॅम्प्स फॉल्स दिलं की ती १ जानेवारी १९८० धरली जाते.

फार मोठ्या फाइली लिहिताना काय सांभाळायचं?

जुन्या झिपची मर्यादा ४ गिगाबाइट आणि ६५,५३५ नोंदी. त्यापुढे झिप६४ लागतं आणि पायथन ते आपोआप वापरतो. एकच अपवाद: ओपनला ‘डब्ल्यू’ मोड देऊन आकार आधी न सांगता तुकड्यातुकड्याने लिहिणं. तिथे २ गिगाबाइट ओलांडले की रनटाइमएरर येतो आणि तोवरची मेहनत वाया जाते. सुरुवातीलाच फोर्स-झिप६४ ट्रू द्या.

झिपच्या आतली झिप कशी वाचायची?

बाहेरच्या झिपचं ओपन दुसऱ्या झिपफाइलला थेट देता येतं, कारण ३.७ पासून त्यात सीक चालतो. पण आतली यादी शेवटी आणि मजकूर आधी. प्रत्येक मागे-उडीला पुन्हा पहिल्यापासून सोडवणं आलं. आतली झिप मेमरीत मावत असेल तर रीड करून बाइट्सआयओमध्ये टाका, न मावल्यास तात्पुरत्या फाइलमध्ये. फरक सहज जाणवतो.

डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, ओडीटी, ईपब, जार हे सगळे मुळात झिपच. डॉकएक्सचा मजकूर वर्ड फोल्डरातल्या डॉक्युमेंट डॉट एक्सएमएलमध्ये मिळतो. ईपब पुन्हा बांधताना माइमटाइप ही फाइल सर्वांत आधी आणि न दाबता लिहावी लागते, नाहीतर तपासणीत पुस्तक नापास होतं.

तोच मजकूर, तरी प्रत्येक वेळी अर्काइव्हचा हॅश (बाइटांवरून काढलेला ओळख-आकडा) वेगळा येतो.

तारखा, फाइलींचा क्रम आणि परवानग्या बदलत असतात. नावं सॉर्टेड क्रमाने घ्या, फोल्डर वाचताना मिळालेल्या क्रमावर राहू नका. प्रत्येकीला ठरलेली तारीख असलेलं झिपइन्फो द्या. टार जीझेडसाठी टारइन्फोची तारीख, मालक, गट स्थिर करा आणि जीझिपच्या हेडरमध्ये स्वतःची वेळ असते ती जीझिपफाइलला एमटाइम शून्य देऊन काढा. झेडलिबची आवृत्ती बदलली तर दाबलेले बाइट तरीही बदलू शकतात; हॅश मशीनमशीनवर जुळवायचा असेल तर आतल्या मजकुराचा घ्या.

नुसती जीझेड फाइल हेही अर्काइव्हच का?

नाही. जीझिपमध्ये सहसा एकच दाबलेला प्रवाह असतो, आत नावांची यादी नसते. जीझिप मॉड्यूलच्या ओपनला ‘आरटी’ मोड आणि एन्कोडिंग द्या, साध्या फाइलसारखी वाचा. तिच्या शेवटच्या ४ बाइटांतला आकार ४ गिगाबाइटनंतर शून्यापासून मोजला जातो, त्यामुळे मोठ्या फाइलींसाठी तो आकडा प्रगतीची पट्टी दाखवायला वापरू नका.